सव्वा मूठ

१

“यादव, आज पत्र वाचू नको,” द्रौपदाअक्का म्हणाली. “मना गुलाब मरी गया.”

मी ओट्यावर टेकतच होतो, तो तसाच अवघडून राहिलो. खांद्याला टपालाची पिशवी, हातात निळं आंतरदेशीय. समोर दोन्ही डोळ्यांनी आंधळी म्हातारी. आवाज मात्र अगदी कोरडा, पाऊस उघडला म्हणून सांगावं तसा.

“अगं काहीतरीच काय! हे बघ की, सुरतेहून पत्र आलंय त्याचं. कोणी सांगितलं तुला?”

“कोनीच नही सांगं. लिलानी त्यानी मूठ मोजी नही.”

आता हे समजायचं तर आमची खान्देशातली कानबाई देवी माहीत पाहिजे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजतात ते घरातल्या पुरुषांच्या नावानं, एकेका नावाला सव्वा मूठ. काल जन्मलेलं पोर असो नाहीतर मुलूख सोडून गेलेला नवरा असो, जित्या माणसाची मूठ चुकवायची नाही आणि मेलेल्याची टाकायची नाही. ते रोट फक्त भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. लग्न झालेल्या लेकीलासुद्धा त्यातला तुकडा मिळत नाही.

अक्काच्या घरात पाच नावं. तिचे दोन आंडोर, म्हणजे मुलगे, थोरला झुलाल आणि धाकटा गुलाब; झुलालची दोन मुलं आणि गुलाबचा एक मुलगा. गुलाब तीन वर्षांपूर्वी, म्हणजे पंच्याऐंशीच्या श्रावणात, घर सोडून सुरतेला गेलेला. दर वर्षी थोरली सून मंदाबाई गहू मोजायची. यंदा ती बाळंतपणाच्या लेकीकडे बोदवडला गेली, म्हणून काल गुरुवारी धाकटीनं, म्हणजे गुलाबच्या बायकोनं, लिलाबाईनं मोजले.

“मी शेजारीच बठेल व्हतू,” अक्का म्हणाली. “एक मोठा आवाज, एक बारीक. मूठ आनि पाव. असा चारच दाव उनात. पाचवा उनाच नही.”

“चुकली असेल ती.”

“कानबाईपुढे?” अक्कानं पांढरी बुबुळं माझ्या बाजूला वळवली. “परवा रोट शिजतीन. त्याना आत माले खरं समजाले पाह्यजे. मी कोनासंगे बठीसन खाई राह्यनू, ते. जा, पितांबर गुरुजीले बलाव. या गावमा माले खोटं न सांगनारा तोच एक मानूस शे.”

तीन वर्षं दर महिन्याला त्या बाईला पत्र वाचून दाखवणारा मी, आणि हे तिनं माझ्या तोंडावर सांगितलं. राग आला. पण रागापेक्षा भीती जास्त वाटली, आणि का वाटली ते माझं मलाच माहीत होतं.

२

पितांबर गुरुजींचं आणि माझं कधी पटलं नाही. माणूस सोन्यासारखा, पण वाकणार म्हणून नाही. स्वतःच्या मुलाचं वय ट्रेनिंग कॉलेजसाठी दोन महिने कमी पडत होतं. शाळेचा दाखला यांच्याच हातचा. दुसऱ्या कोणी डोळे मिटून तारीख फिरवली असती. यांनी नाही फिरवली. पुढच्या वर्षी घरची ओढाताण झाली आणि पोराचं शिकणं कायमचं राहिलं. आज तो अमळनेरला जिनिंगमध्ये कापूस ओढतो आणि बापाशी बोलत नाही.

वाटेत मी म्हणालो, “गुरुजी, म्हातारी पंचाहत्तरीची आहे. जे काय निघेल ते जरा जपून सांगा. माणूस बघून, वेळ बघून बोलावं की नाही?”

“सत्याला वेळ नसते, यादवराव.”

“नसेल. ऐकणाऱ्याला जीव तर असतो?”

ते छत्री टेकत पुढे चालत राहिले.

घरी झुलाल नव्हता, ट्रॅक्टर घेऊन अमळनेरला गेला होता. मला त्यातल्या त्यात हायसं वाटलं. झुलालआबा म्हणजे बोलायला मवाळ, पण तो शांत बसला की समोरच्याला घाम फुटायचा.

गुरुजींनी अक्काला एवढंच विचारलं, “गुलाब गेला त्या सालचं काय आठवतं?”

“मी तवय भाऊकडे व्हतू, चार दिन. परत उनू तं झुलाल म्हने, गुलाब भांडीसन गया. सुरतले. बायकोबी माहेरी व्हती त्यानी.” ती जरा थांबली. “आनि त्या सालपासून रोटले पेवना वास नही.”

“पेवाचा?”

पेव म्हणजे जमिनीतली धान्याची कोठी, विहिरीसारखी खोल आणि वरून तोंड लहान. जुन्या घरांतून अजून कुठेकुठे आहे. त्यातल्या गव्हाला एक उग्र वास येतो आणि तो दळल्यावरही जात नाही. अक्काच्या घरचे रोट कायम पेवातल्या गव्हाचे.

“झुलाल म्हने पेवले पानी लागनं, गहू सडनात, बुजी टाकं. तवपासून गोनीना गहू.”

गुरुजींनी मागच्या परसात नजर टाकली. जिथं पेवाचं तोंड होतं तिथं कडब्याची गंजी रचलेली होती. गोठा परसाच्या पार दुसऱ्या टोकाला.

“रोज एवढ्या लांबून वैरण ओढतात?” ते स्वतःशीच म्हणाले. मग वळून म्हणाले, “अक्का, गुलाबची पत्रं कुठे आहेत?”

मी निघायचं निमित्त शोधायला लागलो.

३

पत्रं तिच्या उशाच्या पत्र्याच्या पेटीत होती. जुन्या लुगड्यात गुंडाळून, वर कापराची वडी ठेवून. गुरुजींनी पेटी उंबऱ्याजवळ उजेडात आणली. अक्का आत माजघरात होती.

त्यांनी पहिलं पत्र उघडलं. दुसरं उघडलं. मग भराभर पाच-सहा. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

पस्तीस आंतरदेशीय पत्रं आणि एकावरही अक्षर नाही. पत्ता नाही, शिक्का नाही. सगळी कोरी.

“यादवराव,” ते अगदी हळू म्हणाले, “तुम्ही काय वाचत होता?”

आता काय लपवू? ती पत्रं मी माझ्या पदरचे पैसे घालून पोस्टातून घेतलेली. गुलाब गेला त्याच्या दुसऱ्या महिन्यात झुलालनं मला गाठलं. म्हणाला, भाऊ, तो रुसून गेलाय, लिहीत नाही, माय अन्न गोड करून खात नाही, तुम्ही वाचल्यासारखं करा ना, तिला काय दिसतंय! मला खरंच वाटलं की गुलाब सुरतेला आहे. मी कोरा कागद धरायचो आणि मनानं सांगायचो. मिलमध्ये लागलो. तापी इथून पण दिसते. तुझ्या हातच्या कळण्याच्या भाकरीची आठवण येते. अक्का ऐकताना पुढेमागे डुलायची आणि त्या दिवशी दोन घास जास्त खायची. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो की आज पुण्य केलं.

हे सगळं मी गुरुजींना एका दमात सांगितलं आणि वर म्हणालो, “काय बिघडलं? तुमच्या सत्यानं तिला काय दिलं असतं? मी तिला महिन्यातून एक दिवस दिला!”

“तिला एक दिवस दिलात,” गुरुजी म्हणाले. “आणि गुलाबला कोणी शोधायलाच जाणार नाही याची सोय केलीत. ज्याचं पत्र येतं त्याची कोण तक्रार करतो?”

खरं सांगतो, त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

“हे अक्काला मी सांगणार नाही,” पेटी बंद करत ते म्हणाले. “हे तुमचं आहे. तुम्हीच सांगायचं.”

४

लिलाबाई खोलीत मुलाची सदरी शिवत बसली होती. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. आम्हाला बघून उठली, पण डोळे वर केले नाहीत.

“लिलाबाई, पाचवी मूठ का टाकली नाहीस?”

“हात चालना नही, गुरुजी.”

“कुंकू लावताना चालतो?”

“मानसेसले दखाडाले लावस मी ते,” ती म्हणाली. “मानूस फसस. कानबाईले कसं फसाडू?”

गुरुजी भिंतीकडे बघत होते. खुंटीला एक कंदील टांगलेला, त्याच्या कडीला लांबलचक सुती दोर गुंडाळलेला. असा दोर बांधलेला कंदील पेवाचाच असतो. पेव वर्षभर बंद असतं, आत हवा कोंडून विषारी होते. म्हणून तोंड उघडून एक दिवस तसंच ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरायचा, विझली तर नाही. हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल.

कंदिलाची काच लखलखत होती. गुरुजींनी ती वर करून वात बघितली. नवी, पांढरीशुभ्र, एकदाही न पेटलेली.

“रोज पुसतेस?”

तिनं मान हलवली.

“कधी लावला नाहीस?”

“नही.”

“कुठे सापडला?”

तिनं हातातली सदरी खाली ठेवली. मग म्हणाली, “माहेरथून उनू त्या दिन. वैरनना माळ्यावर, पेंढ्यास्ना खाले दपाडेल व्हता.”

दपाडेल म्हणजे लपवलेला. मी न राहवून ओरडलो, “मग तीन वर्षं गप्प का बसलीस, वहिनी? कोणाला तरी सांगायचंस!”

तिनं पहिल्यांदाच डोळे वर केले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

“कोनले, पोस्टमनभाऊ? तुम्हले? मना नवरा पेवमा शे हाई माले ठाऊक, आनि तुम्ही ओटावर बठीसन त्यानी खुशाली वाची राह्यनात. माले वाटनं, तुम्हीबी त्यासमाच शेतस.”

तीन वर्षं त्या बाईनं मला चहा दिला होता. दर महिन्याला. खुनातला एक समजून.

५

संध्याकाळी सायकलवरून अमळनेरला परतत होतो. बोरी नदीच्या पुलाअलीकडे झुलालचा ट्रॅक्टर समोरून आला आणि रस्त्यात आडवा उभा राहिला. झुलाल सावकाश उतरला. हातात काही नव्हतं. तरी मी सायकलवरून खाली उतरलो.

“गुरुजी घर येल व्हतात म्हने.”

“अक्कानं बोलावलं होतं.”

“ऱ्हाऊ द्या. बुढा मानूस शे, फिरस, बोलस.” त्यानं माझ्या सायकलच्या दांडीवर हात ठेवला. “पन यादवभाऊ, पत्रं तुम्ही वाचेल शेतस. पस्तीस. तुम्ही सरकारी मानूस. उद्या कोनी इचारं तं मी सांगसू, माले लिखता-वाचता येस नही, पोस्टमननी वाचं ते मी खरं मानं.”

खरोखरच त्याला सहीपुरतंच लिहिता येत होतं; शाळा दुसरीतच सुटलेली.

“पेन्शनले कितला साल बाकी शेतस?” त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ट्रॅक्टरवर चढला.

घरी गेलो, जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. उद्या तिकडे फिरकायचंच नाही, तापाची रजा टाकायची, असं पक्कं ठरवलं. आणि सकाळी उठून सायकल काढली ती नेमकी त्याच रस्त्याला लागली. का, ते विचारू नका. लिलावहिनीची ती नजर पाठ सोडत नव्हती.

६

शनिवारी सकाळी परसात गव्हाचं पितळी घमेलं मांडलेलं होतं. अक्कानं ते दळायला जाऊ दिलं नव्हतं. ती घमेल्याशी बसलेली, लिलाबाई दाराला टेकून, झुलाल गंजीच्या सावलीत उकिडवा. गुरुजी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

“अक्का, तू खरं मागितलंस, म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “लिलानं मूठ टाकली नाही, कारण गुलाब जिवंत नाही हे तिला कळलेलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनं कंदील बघितला होता. कानबाईआधी पेव उघडायचं म्हणून गुलाबनंच त्यात नवी वात घालून ठेवली असणार, दर वर्षी ते काम त्याचंच. ती वात जळलीच नाही. म्हणजे त्या साली पेवात कंदील सोडलाच गेला नाही. पण माणूस उतरला. एकटा माणूस पेवात उतरत नाही, वर दोर धरायला दुसरा लागतो. तू भावाकडे, लिला माहेरी, मंदाबाई मुलांना घेऊन शेतात. घरी पुरुष दोनच होते.”

झुलाल हलला नाही.

“त्यानंतर पेवाला पाणी लागलं म्हणून ते बुजवलं. त्या साली पाऊस किती झाला होता, आठवा. नागपंचमीपर्यंत पेरण्या खोळंबल्या होत्या. पाणी आलं कुठून? आणि गंजी गोठ्यापासून इतकी लांब का, तर त्या जागेवर कोणी कुदळ घालू नये म्हणून.”

“पन कसाले?” अक्कानं विचारलं. “सक्का भाऊ शे तो.”

गुरुजींनी चष्मा काढला. “माझ्यामुळे, अक्का. झुलालच्या ट्रॅक्टरखाली आपल्या बौद्धवाड्यातला आधार मेला, ते गुलाबनं मागे बसून डोळ्यांनी बघितलं होतं. दुसरा साक्षीदार नव्हता. कानबाईनंतरच्या मंगळवारी कोर्टात तारीख होती. तो मला विचारायला आला. ‘गुरुजी, भाऊ म्हणतो, आधार स्वतःच आडवा आला असं सांग. आधारची बायको शेवंताबाई म्हणते, खरं सांग. मी काय करू?’ मी म्हणालो, भाऊ असो की बाप असो, बघितलंस ते सांग. तो हो म्हणाला. आणि मंगळवारी तो कोर्टात नव्हता. मला वाटलं, पळाला. तीन वर्षं मी त्याला मनातल्या मनात भेकड म्हणत होतो. एकदासुद्धा शोधायला गेलो नाही.”

झुलाल उठला. मला वाटलं, आता हा गुरुजींच्या अंगावर जाणार. पण तो अगदी शांतपणे म्हणाला, “मी त्याले हात बी लावा नही.”

“झुलाल!”

“देवनी आन. त्यानी पेवना तोंडवर बठीसन इचारं, ‘भाऊ, हवा लागनी का पेवले? कालदिन उघाडेल व्हतं ना?’ मी काहीच बोलनू नही. तो मनाकडे दखे आनि मी दोरकडे. मंग तो उतरना.” त्यानं गुरुजींकडे बघितलं. “मीबी तुम्हनाच शाळामा व्हतू, गुरुजी. तुम्हीच शिकाडेल शे, खोटं बोलू नही. मी खोटं बोलनू का?”

गुरुजी मटकन खाली बसले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी पोटच्या पोराला दूर लोटलं, ती गोष्ट या माणसानं अशी उचलून त्यांच्या पुढ्यात टाकली. आणि मी, माझ्या गोड खोट्यानं त्याच्यावर पांघरूण घातलेला मी, कुठल्या तोंडानं हसणार होतो त्यांना?

“कंदील तर तूच लपवलास,” गुरुजी शेवटी कसेबसे म्हणाले. “जिभेनं नाही बोललास, हातानं बोललास.” मग जरा वेळानं म्हणाले, “काल संध्याकाळीच मी फौजदारांकडे लेखी दिलंय. निघाले असतील ते.”

झुलालनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो आईकडे बघत होता. “माय, मनी दोन पोरं शेतस. आधार गया, गुलाब गया, आते मीबी गऊ तं घर कोन दखी? सांग, तू काय करं असतं?”

अक्कानं घमेल्यातले सगळे गहू सुपात ओतले. रिकामं घमेलं मांडीपुढे ओढलं आणि आपल्या हातानं मोजायला लागली. झुलालच्या थोरल्याचं नाव घेतलं, एक मूठ आणि पाव. धाकट्याचं नाव घेतलं, मूठ आणि पाव. मग गुलाबच्या मुलाचं. पितळेवर दाणे पडल्याचा आवाज सगळ्या परसात ऐकू येत होता.

आणि ती थांबली.

“माय,” झुलाल म्हणाला. “माय, मनी मूठ?”

अक्कानं उरलेल्या गव्हाचं सूप बाजूला सारलं आणि पदराला हात पुसले.

“माले दोन आंडोर व्हतात,” ती म्हणाली. “दोन्ही त्या पेवमा गयात.”

लिलाबाई दारातच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. तीन वर्षांचं रडणं होतं ते. झुलाल गंजीला टेकून उभा राहिला तो जीपचा आवाज येईपर्यंत तसाच उभा होता.

अक्कानं हवेत हात फिरवत मला हाक मारली. “यादव, तू उना शे ना? कालनं पत्र शे तुनाकडे. वाच.”

मी पिशवीतून निळा कागद काढला. देवाशपथ, तेव्हासुद्धा माझ्या मनात दोन ओळी तयार झाल्या होत्या. तुझी काळजी घे, माय. एवढंच. कोणाचं काय गेलं असतं? गुरुजी खाली मान घालून बसलेले. ते मला अडवणार नव्हते.

“काय लिखेल शे?” अक्कानं विचारलं.

“काही नाही, अक्का,” मी म्हणालो. “कोरं आहे. सगळीच कोरी होती.”

तिनं तो कागद माझ्या हातातून घेतला, दोन्ही बाजूंनी हळूहळू बोटं फिरवली, आणि घडी घालून घमेल्याशेजारी ठेवला.

“आज तू खरं वाचं,” ती म्हणाली.